ओळखीचा विंचू



बोलायला सुरुवात करण्याआधी एक खबरदारी घेतो. गोंदिया, गोंद, गोंड, गोंदण. चार शब्द, आणि कानाला चौघे सख्खे भाऊ वाटतात. तसे ते नाहीत. आपल्या गावाचं नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं असं सांगतात. डिंक आणि लाख हा इथला जुना व्यापार. ‘गोंड’ हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं, ते स्वतःला कोयतूर म्हणवतात. आणि गोंदण हे गोंदण्यावरून, टोचण्यावरून. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना शब्दांची मुळं खणायचा नाद होता आणि खोट्या व्युत्पत्तीचा भारी राग होता. एका विद्यार्थ्यानं या चार शब्दांची सोयरीक जुळवून दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, ‘पत्रिका तरी बघायची.’ तेव्हा आज मी ही सोयरीक जुळवणार नाही. पण या चौघांच्या मधल्या अंगणात मात्र उभा राहणार आहे.

आयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘विविध संस्कृतींतील प्राण्यांच्या गोंदणांचे प्रतीकार्थ’. निमंत्रणपत्रिकेवर छापलेला बघून मीच दचकलो. विविध संस्कृती! सव्वा तासात! म्हणून मी ठरवलं की सुरुवात एका हातापासून करायची. माझ्या आजीच्या डाव्या हातापासून.

माझं आजोळ सडक-अर्जुनीकडचं. आजीच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक विंचू होता. आता विंचू म्हटल्यावर तुम्ही हुबेहूब चित्र डोळ्यांपुढे आणाल, तर तसा नव्हता. एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना तीन-तीन आखूड रेघा, पुढे दोन आकडे, आणि मागे ठिपक्यांची वळलेली नांगी. रंग जुन्या शाईसारखा, निळा म्हणावा तर हिरवट. ती सुपात तांदूळ पाखडायला बसली की मनगटाची शीर वरखाली व्हायची आणि विंचू चालायला लागायचा. आम्ही पोरं तांदळाकडे बघतच नव्हतो, विंचवाकडे बघायचो. सूप थांबलं की विंचू थांबायचा.

एकदा मी विचारलं, ‘आजी, विंचूच काहून गोंदला?’

ती म्हणाली, ‘चावू नाई म्हनून.’

मी शहरात शिकणारा नातू. मला वाटलं, हिला पकडलं. मी म्हटलं, ‘आन् चावला त?’

तिनं सूप खाली ठेवलं नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, ‘चावला त ओरखीचा चावला.’

आपल्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, तिथे ‘र’ येतो, हे तुम्हाला सांगायला नको. ओळखीचा चावला. श्रोतेहो, पुढची कितीतरी वर्षं मी हे वाक्य आजीचा विनोद म्हणून लोकांना सांगत आलो. लोक हसत, मीही हसत असे. तो विनोद नव्हता हे कळायला मला बरीच पुस्तकं वाचावी लागली. आज जे बोलणार आहे ते सगळं या एका वाक्याच्या आधारानं बोलणार आहे.

पहिली गोष्ट, अर्थाच्या कोष्टकाची.

नागपुरात कुठल्याही टॅटूच्या दुकानात जा. काचेखाली चित्रांचा कॅटलॉग असतो, आणि आजकाल प्रत्येक चित्राखाली अर्थही छापलेला असतो. सिंह म्हणजे शौर्य. फुलपाखरू म्हणजे परिवर्तन. घुबड म्हणजे ज्ञान. लांडगा म्हणजे निष्ठा. लांडगा म्हणजे निष्ठा! ज्या भाषेत ‘लांडगा आला रे आला’ म्हणून पोरं दप्तर टाकून पळतात, त्या भाषेतला मुलगा दंडावर लांडगा काढून घेतो आणि खाली लिहिलेलं असतं, निष्ठा. चूक त्या मुलाची नाही. तो अर्थ दुसऱ्या गावाहून आला, तिकडच्या बर्फातून आणि तिकडच्या कळपातून. आपल्याकडच्या धनगराला विचारा लांडग्याचा अर्थ!

घुबडाचंही तेच. ग्रीकांची ज्ञानदेवता अथेना, तिचा पक्षी घुबड. आपल्याकडे लक्ष्मीचं वाहन घुबड, पण तेच घराच्या आढ्यावर बसलं की बायका दगड शोधतात. साप घ्या. बायबल वाचणाऱ्या माणसाला साप म्हणजे पहिला दगाबाज, आणि आपण नागपंचमीला त्याच्यासाठी चुलीवर तवा ठेवत नाही, विळीला हात लावत नाही. वटवाघूळ तर आपल्याकडे अभद्रच. आणि प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत जे दाट गोंदण करून घेतो, ज्याच्याशिवाय त्याला पूर्ण पुरुष मानत नाहीत, त्या गोंदणाचं नाव ‘पेआ’. पेआ म्हणजे मोठं, फळं खाणारं वटवाघूळ.

आणि डुक्कर? विलायती खलाशी एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा गोंदवून घेत. का? तर जहाजावर डुकरं-कोंबड्या लाकडी खोक्यांत ठेवत, जहाज बुडालं की माणसं तळाशी जात आणि खोकी तरंगत राहत. म्हणजे डुक्कर हा त्यांच्यासाठी न बुडणारा प्राणी. आता सांगा, डुकराचा प्रतीकार्थ काय लिहायचा? तरंगणे? हा अर्थ कुठल्या पुराणातून आलेला नाही, जहाजाच्या डेकवरून आलाय.

तेव्हा ‘अमुक प्राणी म्हणजे तमुक गुण’ हे कोष्टक मी तुम्हाला देणार नाही. दिलं तर उद्या तुम्ही ते भिंतीवर लावाल आणि माझ्या आजीचा विंचू त्यात ‘संरक्षण’ या रकान्यात जाऊन बसेल. तिनं संरक्षण म्हटलं नव्हतं. तिनं ओळख म्हटलं होतं.

एकाच गावातसुद्धा अर्थ एक नसतो. विंचू गोंदलेल्या चार बायकांना विचारा. एक सांगेल, विष चढत नाही. दुसरी सांगेल, नजर लागत नाही. तिसरी पदर तोंडाला लावून हसेल, कारण विंचवाच्या नांगीचा आणि नव्या नवरीचा काही संबंध तिला कुणीतरी सांगितलेला असतो. आणि चौथी, जी सगळ्यात खरं बोलते, ती म्हणेल, ‘गोंदनारनीले तोच चांगला काढता ये.’ आम्ही अभ्यासक लोक पहिल्या तिघींची वाक्यं टिपून घेतो. चौथीचं सोडून देतो. तेच सोडायचं नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. ती आहे जागेची. प्राणी कोणता, याच्या आधी विचारायचं की तो कुठे आहे.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्या वेळी आपला हा भाग मध्य प्रांतातच होता, भंडारा जिल्ह्यात. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला, हे या सभागृहात शाळकरी मुलंही सांगतील. या ग्रंथात गोंड स्त्रियांच्या गोंदणाची नोंद आहे. मांडीवर घोडा. कशासाठी? मांड्या घोड्यासारख्या बळकट व्हाव्यात म्हणून. दंडावर मारुती. कशासाठी? ओझं उचलायला जोर यावा म्हणून.

घोडा कपाळावर नाही, पाठीवर नाही. घोडा तिथे, जिथे चालण्याचं बळ लागतं. जंगलातून मोळी घेऊन येणाऱ्या बाईला घोड्याचा ‘अर्थ’ नको होता, घोड्याचे पाय हवे होते. मारुतीचं बळ तिला खांद्यापाशी हवं होतं. प्रतीक हा शब्द इथे फार दुबळा पडतो. सायकलच्या चाकाला तेल आपण प्रतीक म्हणून घालतो का? जिथे कुरकुर होते तिथे घालतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या गुडघ्यांभोवती ठिपके गोंदण्याची चाल आपल्या भागात होतीच, तशातलंच हे.

माझ्या आजीचा विंचू मनगटावर होता. धानाच्या बांधीत, सरपणाच्या ढिगात, गोवऱ्यांच्या राशीत आधी काय जातं? हात. विंचू भेटतो तो हाताला. मग त्याची ओळख करून द्यायची ती हातालाच.

एकदा ही जागेची खूण सापडली की जगभरची गोंदणं वेगळी दिसू लागतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या गेबेलिन इथला एक माणूस काचेत ठेवलेला आहे. पाच हजार वर्षांपूर्वीचा, वाळूत आपोआप सुकलेला. शंभराहून अधिक वर्षं लोक त्याच्यासमोरून गेले. दंडावर काही काळपट डाग दिसत, कुणी लक्ष दिलं नाही. २०१८ मध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहिलं तर डाग म्हणजे एक रानबैल आणि एक रानमेंढा. माणसाच्या अंगावर काढलेल्या चित्रांची जगातली सगळ्यात जुनी उदाहरणं म्हणतात ती हीच. दोन्ही प्राणी शिंगांचे, आणि दोन्ही दंडावर, जिथे जोर असतो. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आपल्या मारुती गोंदणाऱ्या बाईशी बोलायला दुभाषा लागला नसता असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, पुरावा मागू नका.

१९९३ मध्ये सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात, उकोकच्या पठारावर, नताल्या पोलोस्मक या पुरातत्त्वज्ञ बाईंना बर्फात गोठलेली एक स्त्री सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. तिच्या डाव्या खांद्यावर एक हरीण, पण त्याला चोच शिकारी पक्ष्याची, आणि शिंगांचे फाटे पसरत गेलेले. असा प्राणी अल्ताईत नाही, कुठेच नाही. म्हणजे माणूस पाहिलेलाच प्राणी गोंदतो असंही नाही. दोन-तीन प्राण्यांची ओळख एकाच ठिकाणी करून घेतो. आपल्याकडे शरभ आहे, गंडभेरुंड आहे. ते देवळाच्या भिंतीवर राहिले, तिचा तो खांद्यावर.

आणि फिलिपीन्सच्या डोंगरात कलिंगा नावाची जमात आहे. आपल्या कलिंगाशी संबंध जोडू नका, गुरुजी वरून ऐकताहेत. तिथल्या योद्ध्याच्या अंगावर गोम असते. आपण म्हणतो, घोड्यात गोम आहे, माणसात गोम आहे, म्हणजे खोट आहे. तिथे गोम वाट दाखवते, राखण करते. जंगलात सगळ्यात आधी जमिनीतून काय सरकतं हे जिला कळतं ती गोम.

थायलंडात तर याच्याही पुढे. बँकॉकजवळ वाट बांग फ्रा नावाचा बौद्ध विहार आहे. तिथले भिक्खू मंत्र म्हणत अंगावर वाघ, हनुमान गोंदतात. वर्षातून एकदा तिथे मोठा मेळावा भरतो आणि गोंदलेली माणसं अंगात येऊन आपापल्या प्राण्यासारखी वागतात. पाठीवर वाघ असलेला माणूस डरकाळ्या फोडत, पंजे टाकत धावत सुटतो. त्याला पुढे जाऊन विचारा, ‘वाघाचा प्रतीकार्थ काय?’ विचारून परत आलात तर मलाही सांगा.



आपल्याकडे अंगात येणं आणि गोंदण यांची अशी थेट गाठ नाही. पण वाघाशी नातं आहे. नागझिऱ्याच्या, नवेगावच्या कडेच्या गावांत वाघदेवाचा दगड शिवेवर असतो, त्याला शेंदूर असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली ज्या नवेगावच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं राहिले, तिथल्या माणसांकडून त्यांना जंगलाची अर्धी भाषा मिळाली. या भाषेत प्राण्याचं नाव घेण्याचीही रीत आहे, रात्री काहींची नावं घेत नाहीत. नाव घेणं म्हणजे हाक मारणं. मग अंगावर गोंदणं म्हणजे काय? सोयराच करून घेणं.

सोयरा शब्द मी उगाच वापरला नाही. गोंडांमध्ये आडनावंच झाडाप्राण्यांवरून चालत आलेली आहेत. गोंडीत टेका म्हणजे साग, त्यावरून टेकाम. मरका म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. इरूप म्हणजे मोह, त्यावरून इरपाची. वरकडे या कुळाचा संबंध रसेल-हीरालाल रानमांजराशी जोडतात. ज्या कुळाचं जे झाड, जो प्राणी, त्याला ते कूळ इजा करत नाही. सात देवांचे, सहा देवांचे, पाच, चार देवांचे असे गट, आणि लग्न जुळवताना आधी देव मोजायचे. सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहेत दर माघ पौर्णिमेला जी यात्रा भरते, देशभरातून कोयतूर लोक येतात, ती या सगळ्या व्यवस्थेचं मूळ मानलेल्या पहांदी पारी कुपार लिंगोच्या आणि काली कंकालीच्या स्मरणाची. ज्या समाजात माणसाचं आडनाव साग असू शकतं, तिथे मनगटावरचा विंचू चित्र म्हणून बसत नाही, शेजारी म्हणून बसतो.

आणि याच जिल्ह्यात, आमगावजवळ, भवभूतीचं पद्मपूर आहे असं आपण अभिमानानं सांगतो. भवभूतीनं सीतेचं दुःख नाटकात लिहिलं. आणि मध्य भारतातल्या गोंड-बैगा बाया ‘सीतेची रसोई’ अंगावर गोंदत आल्या: चूल आणि स्वयंपाकघर. सीतेचं काय ठेवायचं? भवभूतीनं तिचा विरह ठेवला. बायांनी तिची चूल ठेवली. याच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. पण ती चूल आहे, प्राणी नाही, म्हणून पुढे जातो.

तिसरी गोष्ट आहे हाताची. गोंदून घेणाऱ्या हाताची नव्हे, गोंदणाऱ्या हाताची.

कॅटलॉगातला वाघ कोणीही काढू शकतो. आजीचा विंचू एका विशिष्ट बाईनं काढला होता. आपल्याकडे हे काम ओझा बायांचं. ओझा म्हणजे गोंडांचे गाणारे-वाजवणारे, त्यांच्या बाया गोंदण्यात तरबेज. बैगांकडे बादी बाया, छत्तीसगडात देवार बाया. पुरुषानं हे काम करायचं नाही. तिळाच्या तेलाचा दिवा, त्यावर पालथं खापर, खापराला धरलेली काजळी खरवडून कालवायची. तीन, पाच, सात सुया सुतानं एकत्र बांधायच्या. आधी काडीनं आकार काढायचा, मग टुचूक टुचूक. वरून हळद आणि तेल. खपली धरते, पडते, आणि खालून निळा-हिरवा विंचू वर येतो. काजळी काळीच असते, पण कातडीच्या आतून पाहिलं की काळं निळं दिसतं.

आता इथे एक शास्त्रातली गोष्ट सांगतो, मला स्वतःला फार आवडते. गोंदण टिकतं कसं? कातडी तर सतत झिजते. तर त्या काजळीचे कण कातडीखालच्या भक्षकपेशी गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात, लगेच दुसऱ्या पेशी ते गिळतात. २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं गेलं. म्हणजे पन्नास वर्षं तोच विंचू दिसतो खरा, पण त्याला धरून ठेवणारे हात आतल्या आत बदलत असतात. एक जण दुसऱ्याच्या ओंजळीत देतो.

गोंदणारीण सुगीनंतर यायची. मोबदला सूपभर धान, वर जुनं लुगडं. आणि ती गात असायची, पोरीचं लक्ष सुईवरून उडावं म्हणून. फिलिपीन्समधल्या त्याच कलिंगांत वांग-ओड नावाच्या आजीबाई आहेत, जन्म १९१७ चा. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा आणि कोळसा, एवढ्यावर गोंदतात. २०२३ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, त्या ‘व्होग’ मासिकाच्या फिलिपीन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर झळकल्या. त्यांनी ही विद्या दिली ती नात्यातल्या मुलींना. रक्ताबाहेर दिली तर गोंदण चिघळतं अशी तिथली समजूत. बघा, तिथेही प्रश्न तोच, कोणाच्या हातचं?

पण मंडळी, इथे थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आपण गोंदणाची फार गोड गाणी गातो. शांता शेळक्यांच्या कवितासंग्रहाचं नाव ‘गोंदण’, इतका तो शब्द आपल्याला गोड वाटतो. पण गोंदलं जायचं ते आठ-दहा वर्षांच्या पोरीला. दोघी-तिघी तिला धरून ठेवायच्या. तिला कुणी विचारत नव्हतं, मोर हवा का मासा. न गोंदलेल्या बाईला वर गेल्यावर देव साबलीनं टोचतो, ही भीती घातलेली असायची. आणि सुया एकीच्या हातावरून दुसरीच्या हातावर, मध्ये उकळतं पाणी कधी लागलंच नाही. ताप यायचा, हात सुजायचा. माझ्या आजीनं विंचवाबद्दल सांगितलं, त्या दिवसाबद्दल कधी सांगितलं नाही.

आणि याच शब्दाचा आणखी काळा उपयोग. कंपनी सरकारच्या अमलात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत, कायमचा. त्या शिक्षेचं सरकारी नाव काय होतं? ‘गोदना’. बायांच्या हातावरचा शब्द उचलून साहेबानं कैद्याच्या कपाळावर ठोकला. १८४९ मध्ये ते बंद झालं. सुई तीच, काजळी तीच. हात बदलला की गोंदणाचं काय होतं ते बघा.

तरीही त्याच बाया म्हणत आल्या की मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण. पाटल्या उतरवून घेतात, जोडवी काढतात, नवीन लुगडंसुद्धा चितेवर कुणी तरी ओढून घेतं. घर नवऱ्याचं, शेत सासऱ्याचं, पोरं कुळाची. बाईच्या नावावर काय? हातावरचा मोर. तो कुणाला गहाण टाकता येत नाही. त्याच्यावर सावकार रक्कम देत नाही, हेच त्याचं मोल.

आता आजची गोष्ट, आणि ती मी भराभर सांगतो कारण तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

यात्रेत बॅटरीवरची मशीन आली. घर्रर्र आवाज, पाच मिनिटांत नाव, दहा मिनिटांत विंचू. मग पोलीस भरती आली, सैन्यभरती आली. भल्या पहाटे मैदानावर धावणारी आपली पोरं धावण्याला घाबरत नाहीत, वैद्यकीय तपासणीत दंडावरचा वाघ दिसेल याला घाबरतात. सैन्याचा नियम असा की हाताच्या पुढच्या भागावर आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं, आणि आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे अंगावर असलेल्या गोंदणाची सूट असते. म्हणजे सरकारनंसुद्धा नकळत मान्य केलं की गोंदण दोन प्रकारचं, एक हौसेचं आणि एक कुळाचं. पण हे ठाऊक नसलेली पोरं लेझरनं वाघ पुसून घेतात, वर हजारो रुपये मोजतात.

आणि काही ठिकाणी गोंदणानं अंग सोडलं आणि कागद धरला. बिहारच्या मधुबनीत १९७० च्या दशकात दुसाध या दलित समाजाच्या बायांनी आपल्या हातावरचे गोदन्याचे आकार कागदावर उतरवले, चानो देवींचं नाव त्यात पुढे येतं. सवर्ण बायांची राम-सीतेची चित्रं विकली जात होती, यांनी म्हटलं, आमच्याकडे आमचं अंग आहे. आपल्या शेजारी, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम. परधान गोंड. भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्याला आणलं, आणि त्यानं हरणं, वाघ, पक्षी, नाग ठिपक्या-रेघांनी भरून काढले. ते ठिपके बघताना मला दर वेळी सुया आठवतात. २००१ मध्ये जपानात, घरापासून हजारो कोस दूर, त्यानं जीव दिला. वय चाळिशीच्या आत. ठिपके कागदावर आले, जगभर गेले, त्यांची किंमत लाखांत गेली, आणि काढणारा परत आला नाही.

गेल्या वर्षी एका नातेवाइकाच्या मुलानं मला हात दाखवला. नवा टॅटू. काय? सारस. मला एकदम भरून आलं. महाराष्ट्रात सारस उरला तो आपल्या या कोपऱ्यात. राज्यातले सगळे मिळून पन्नासही भरणार नाहीत. धानाच्या बांधीत जोडीनं चालतो, आणि आपण सांगतो की एक गेला की दुसरा जगत नाही. मी विचारलं, ‘सारसच का?’ वाटलं, आता आजीसारखं काहीतरी ऐकायला मिळणार. तो म्हणाला, ‘काका, डिझाइन लंबं आहे, हातावर बसते.’

मी आधी हिरमुसलो. घरी येताना लक्षात आलं, ही तर माझी चौथी बाई! ‘गोंदनारनीले तोच चांगला काढता ये.’ अर्थ मागून येतो. आधी प्राणी अंगावर येऊन बसतो. मग रोज अंघोळ करताना तो दिसतो, कुणीतरी विचारतं, ‘हे काय रे?’, आणि उत्तर द्यावं लागतं. पहिल्यांदा तो म्हणेल डिझाइन लांब आहे. दहाव्यांदा विचारलं की त्याला सारसाबद्दल काहीतरी माहिती काढावी लागेल. विसाव्यांदा विचारलं की कदाचित तो परसवाड्याच्या तळ्यावर पहाटे जाऊन बघून येईल. मी त्याला दर महिन्याला विचारतो. आतापर्यंत सात वेळा झालं.

माझी आजी गेली तेव्हा मी गावात नव्हतो. नंतर फोटो शोधले. एकच सापडला, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात तिचा चेहरा आहे, कपाळावरचे तीन ठिपके अंधुक दिसतात. हात नाही. तो विंचू माझ्याकडे कुठेच नाही. मघाशी मी त्याच्या रेघा सांगितल्या त्या आठवणीतल्या, आणि नांगी मनगटाकडे होती की कोपराकडे, याबद्दल माझं आणि मामाचं अजून भांडण आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. या सभागृहात साठ-सत्तर जण तरी असे असतील ज्यांच्या घरी आज गोंदलेला एखादा हात आहे. आई, आजी, आत्या, शेजारची बुढी. उद्या तो हात आपल्या हातात घ्या. फोटो काढाच, पण फोटोवर थांबू नका. विचारा: काय आहे, कुठे आहे, कोणी गोंदलं, कोणत्या गावची होती, किती धान दिलं, दुखलं का, कोणी धरलं होतं. ती ‘असंच’ म्हणाली तर ‘असंच’ लिहा. तिच्याच बोलीत लिहा, ‘ळ’ घालून सुधारू नका. आणि ती वही इथल्या वाचनालयात आणून द्या. कपाटाचा एक कप्पा रिकामा ठेवतो असं ग्रंथपालांनी मला मघाशी चहाच्या वेळी कबूल केलं आहे, आणि ते आता दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत.